एका वाडग्यातले दोन चमचे

१

माझ्या बायकोला मंगळवारी सकाळी शाळेच्या मागच्या झोपडीत मारलं. मुसळानं. पहिला घाव डाव्या कानाच्या वर बसला. ती पडल्यावर आणखी दोन घातले. त्या दोन घावांची गरज नव्हती. एकोणीस वर्षं मी मालाकाल शहरात पोलिसात हवालदार होतो, त्यामुळे मला हे एका नजरेत कळतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

तिचं नाव न्यारुआच. गावातली शांतीशाळा ती चालवत होती. झाडीतल्या कमांडरनं उचलून नेलेली, बंदूक हातात दिलेली पोरं तिनं एकेक करून सोडवून आणली होती. त्यांना ती तीन वर्षं शिकवत होती की कुणी कुणाचं नाव घेतलं म्हणून भाला उचलायचा नाही. आधी तीन प्रश्न विचारायचे. तू काय पाहिलंस? काय ऐकलंस? आणि काय मनानंच ठरवलंस?

मी नदीवर बोटीचं इंजिन खोलून बसलो होतो. तिची मदतनीस न्याकोर ओरडत आली. मी गेलो तेव्हा माश्या आल्या होत्या. न्यारुआच गायीच्या कातड्यावर कुशीवर पडली होती, मुसळ दाराशी. गळ्यातला दोरा कापलेला, त्यातली किल्ली पेटीच्या कुलुपात, पेटी उघडी. शेजारी भोपळ्याच्या वाडग्यात ज्वारीच्या गोळ्या दुधात भिजून फुगल्या होत्या. अर्ध्या संपल्या होत्या. वाडग्यात शिंपल्याचे दोन चमचे होते.

"दादा, वही!" न्याकोर पेटीत हात घालून म्हणाली. "वही नाहीये!"

त्या वहीत सोडवलेल्या पोरांची नावं होती, आणि कुठल्या गावात, कुणाच्या घरी त्यांना लपवलंय तेही. दुसरी प्रत नव्हती. जितक्या प्रती तितके चोर, असं न्यारुआच म्हणायची.

"कमांडरच्या हाती पडली तर?"

न्याकोरनं पेटीतून हात काढला. ती खाली बसली आणि न्यारुआचचे पाय झाकू लागली.

दुपारी तिचा सख्खा भाऊ दुओप गुरांच्या तळावरून आला. हातात भाला, अंगाला शेणाची राख. बहिणीला पाहून त्यानं स्वतःचं कपाळ दगडावर आपटलं. कपाळावर कापलेल्या सहा रेघांतून रक्त ओघळलं.

"मी तिकडं तळावर निवांत बसून धारोष्ण दूध पीत होतो," तो रडत म्हणाला, "आणि इकडं माझी बहीण मरत होती! दाजी, नाव सांगा. फक्त नाव सांगा. बाकी मी बघतो."

आमच्यात बाईच्या रक्ताचा सूड नवरा घेत नाही. भाऊ घेतो.

"दोन दिवस दे," मी म्हणालो.

"दोन दिवसांत वही कुठल्या कुठं जाईल, दाजी."

मी त्याच्याकडे पाहिलं. वहीचं त्याला न्याकोरनं सांगितलं असेल, असं मी तेव्हा धरून चाललो.

२

नाव लोकांनीच ठरवलं. मदतसंस्थेच्या ट्रकचा ड्रायव्हर लादू, दक्षिणेकडचा, कपाळावर रेघा नसलेला. मी पोचलो तेव्हा चाळीस-पन्नास माणसं त्याला धक्क्याजवळ तुडवत होती. एकानं त्याच्या तोंडावर वल्हं मारलं. दोन दात मातीत पडले.

"बाजूला व्हा!" मी वल्हं हिसकावून घेतलं. "तू काय पाहिलंस, रे?"

वल्हंवाला गांगरला. "सगळे म्हणतायत..."

"म्हणजे ऐकलंस. आणि तू?"

"हा परका आहे, काका."

"म्हणजे तू ठरवलंस. पाहिलं कुणी?"

मागून एक म्हातारा ओरडला, "अरे, हा तर बाप्या असून गाय पिळायला निघाला होता! याच्याकडून काय नाही व्हायचं?" त्या रक्तातही लोक हसले.

लादूला मी ट्रकच्या सावलीत बसवलं. तोंड धुवायला पाणी दिलं.

"दूध काढण्याचं काय?"

"साहेब, सकाळी भूक लागली होती," तो थुंकत म्हणाला. "बायका सगळ्या गोवराच्या लशीच्या रांगेत. मी म्हटलं, गाय दाखवा, मीच काढतो. आमच्याकडे बाप्ये काढतात. इथं सगळे असे बघायला लागले जणू मी कपडे काढलेत."

आमच्याकडे दूध बायका काढतात, मुलं काढतात. कपाळावर सहा रेघा कापल्या की पोरगा बाप्या होतो, आणि त्या दिवसापासून त्याचा हात आचळाला लागत नाही. मेला तरी लागत नाही. लादूला चार वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.

"न्यारुआच मेली तेव्हा तू कुठं होतास?"

"ट्रकला पाणी आणायला गेलो होतो. एकटाच. हे माझ्या विरुद्ध जाणार, माहीत आहे मला."

"ती तुला कधी जेवायला द्यायची?"

"रोज. ताटलीत काढून बाहेर पाठवायच्या. बाई फार चांगल्या होत्या." आणि तो रडायला लागला. दात पडले तेव्हा रडला नव्हता.

मी त्याला ट्रकमध्ये कोंडून किल्ली खिशात टाकली. कोंडला नसता तर सूर्य मावळायच्या आत लोकांनी त्याला नदीत टाकला असता.

३

कॅप्टन बिएल पूर्वी कमांडरचा उजवा हात होता. आता सरकारचा. पोरं सोडवायच्या बोलण्यांत तोच मध्यस्थ असायचा. वही कुणाला विकायची हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

"या, हवालदार," तो खाटेवरून न उठता म्हणाला. "मला बेड्या घालायला आलात? बेड्या आहेत का तरी?"

"मंगळवारी सकाळी कुठं होतात?"

"गुरांच्या तळावर. बंदुका मोजायला. पहाटेपासून."

"कुणी पाहिलं?"

"तीनशे उपाशी माणसांनी." तो हसला. "काय सांगू तुम्हाला! तुमच्या बाईंनी लशीसाठी तळावरच्या सगळ्या बायका-पोरं आदल्या संध्याकाळीच गावात बोलावून घेतलेली. सकाळी गायी हंबरतायत, आचळं फुटायला आलीत, आणि हे तीनशे शूर वीर नुसते तोंडाकडे बघतायत. वासरं सोडली शेवटी. वासरांनी ढोसलं. मीसुद्धा दुपारपर्यंत उपाशी. तरी म्हणे आम्ही लढवय्ये."

मीही हसलो असेन. मला हसल्याचं आठवत नाही. मी खोलीतल्या भिंतीवरची बंदूक बघत होतो आणि मनात म्हणत होतो, तूच आहेस.

"वही कुणाच्या उपयोगाची, कॅप्टन?"

त्याचं हसू गेलं. "कमांडरच्या. त्याला शेवटचं पान हवं असेल. शेवटी सुटलेली पोरं त्याच्या अंगरक्षकांतली आहेत. त्यांनी फार पाहिलंय." तो उठून जवळ आला. "हवालदार, मी ती वही चोरली असती तर बाईंना मारलं नसतं. मला त्या वही उघडून दाखवायच्या. नावं पडताळायला मलाच बोलवायच्या."

"हे मी पाहिलेलं नाही. ऐकलं फक्त."

"त्यांच्याकडेच शिकलात वाटतं," तो म्हणाला.

घरी आलो. न्यारुआचला पुरलं होतं तिथं दुओप भाला रोवून बसला होता. त्यानं जेवायला नकार दिला.

"ड्रायव्हर माझ्या हवाली करा, दाजी."

"उद्या."

"तुमचं रक्त थंड झालंय. तिनं तुम्हालाही पोरींच्या शाळेत बसवलं."

त्याचा मुलगा तुआच, चौदा वर्षांचा, दोन वर्षांपूर्वी कमांडरनं उचलून नेला होता. न्यारुआचनं एवढी पोरं आणली, पण सख्ख्या भावाचं पोर आणता आलं नाही, असं गाव बोलायचं. ते ऐकत ऐकत तो असा झाला होता.

४

बुधवारी सकाळी कोईगुआर गावातून एक बाई आली. तिच्या दंडातून गोळी आरपार गेली होती आणि तिनं जखमेत चिखल भरला होता.

"पहाटे आले," ती म्हणाली. "घरं शोधत नव्हते. सरळ आले. या झोपडीत, मग त्या झोपडीत. नावानं हाका मारत."

सहा पोरं तिथं लपवली होती. चार नेली. एक पळाला, त्याला ज्वारीच्या शेतात पाठीत गोळी घातली. सहावा आपल्या सांभाळणाऱ्या म्हातारीला धरून बसला. त्यांनी म्हातारीचे हात मनगटापासून तोडले, तरी तो सुटेना, तेव्हा झोपडीला आग लावली.

न्याकोर भिंतीला टेकून उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"दादा, वहीचं पहिलं पान," ती म्हणाली. "बाईंनी गावागणिक पानं केली होती. पहिल्या पानावर कोईगुआर. फक्त कोईगुआर."

"आणि दुसऱ्या पानावर?"

"पाजेक. तिथं नऊ आहेत."

पाजेक दोन तासांच्या वाटेवर. मी धावत जाऊन कॅप्टनला गाठलं. त्यानं वीस माणसं पाजेकला पाठवली. मग आम्ही दोघं ट्रकच्या पायरीवर बसलो.

"पहिलंच पान का?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"वही ज्याच्याकडे आहे तो एकेक पान देतोय. अख्खी देत नाही. त्याला बदल्यात काहीतरी हवंय, ते मिळेपर्यंत तो एकेक पान फाडतोय. मग शेवटचं पान का नाही दिलं? तुम्हीच म्हणालात, कमांडरला तेच हवंय."

कॅप्टन माझ्याकडे बघत राहिला. "त्याला ठाऊक नसेल कोणत्या पानावर काय आहे."

"वाचता येत नसेल. ज्याला वाचता येत नाही तो पहिल्यापासून सुरुवात करतो."

लादूला वाचता येत होतं. कॅप्टनला येत होतं. न्याकोर तर मास्तरीणच, आणि ती सूर्य उगवल्यापासून लशीच्या रांगेत दोनशे नावं लिहीत बसली होती.

मी झोपडीत परत गेलो. वाडगा तसाच होता. न्याकोरला तो धुवायचं धैर्य झालं नव्हतं. मी खाली बसून त्याच्याकडे बघत राहिलो. आणि दोन दिवस जे माझ्या डोळ्यांसमोर होतं ते मला तेव्हा दिसलं.

आमच्याकडे बाप्या रक्ताच्या नात्याबाहेरच्या बाईसमोर घास तोंडात घालत नाही. मरेल, पण तिच्यासमोर भूक लागली असं म्हणणार नाही. लादूला ती ताटली बाहेर पाठवायची. कॅप्टननं तिच्यासमोर बोटभर खाल्लं नसतं. मी तिचा नवरा. वीस वर्षांत मीही तिच्यासोबत एका वाडग्यातून कधी खाल्लं नाही. मला लाज वाटायची. ती हसायची.

त्या सकाळी बायका-पोरं सगळी लशीच्या रांगेत. एका वाडग्यात दोन चमचे घालून न्यारुआच फक्त एका बाप्यासोबत जेवू शकत होती. एका आईच्या पोटातून आलेल्या.

मग दुओपचं वाक्य आठवलं. धारोष्ण दूध. मी बाहेर आलो.

"कॅप्टन, मंगळवारी सकाळी तळावर दूध प्यायलेला एक तरी माणूस होता?"

"वासरं सोडून? नाही."

"मग चला."

५

दुओप तळावर होता. गोवऱ्यांचा धूर खाली बसला होता. तो आपल्या पांढऱ्या बैलाच्या शिंगांना राख चोळत होता. आम्हाला पाहून त्यानं हात थांबवला नाही.

"नाव मिळालं का, दाजी?"

"मिळतंय. मंगळवारी सकाळी तू कुठं होतास?"

"सांगितलं ना. इथं. दूध पीत होतो."

आजूबाजूचे बाप्ये ऐकत होते. एक-दोघं जवळ आले.

"कुणी काढलं?"

"काय?"

"दूध, दुओप. कुणी काढलं? तुझी बायको रांगेत होती. पोरी रांगेत होत्या. तळावर एक बाई नव्हती, एक पोर नव्हतं. तू स्वतः काढलंस का?"

कुणीतरी हसलं. "दुओप, बाई झालास की काय?"

त्यानं मान वर केली. तो एवढंच म्हणाला असता की हो, मीच पिळली गाय, तर माझ्याकडे उत्तर नसतं. पण ते त्याला म्हणवेना. तीनशे बाप्यांसमोर खुनी म्हणवून घेणं त्याला परवडलं.

भाला इतक्या वेगानं आला की मला तो दिसला नाही. खांद्यात घुसला आणि मागं निघाला. मी त्याच्यासकट दुओपच्या अंगावर पडलो. त्याचं डोकं दोन हातांत धरून मी जमिनीवर आपटलं. एकदा, दोनदा, पाचदा. त्याचा जबडा मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि मला बरं वाटलं. हे मी लपवत नाही. कॅप्टननं मला मानेला धरून ओढलं नसतं तर मी थांबलो नसतो.

"वही!" कॅप्टन ओरडला. "हवालदार, तो मेला तर वही कुठं शोधाल?"

दुओप तोंडातलं रक्त गिळत बोलला. शब्द नीट येत नव्हते.

"कमांडरची माणसं तुआच देतो म्हणाली. वही द्या, पोर घ्या. मी तिला सांगितलं. जेवता जेवता सांगितलं. सगळी नको, एक पान दे. माझ्या पोरासाठी एक पान." तो खोकला. "म्हणते, एका पोराच्या बदल्यात नऊ देऊ का? मी म्हटलं, तो तुझा भाचा आहे. तर गप्प बसली. नुसती गप्प. खाली बघून गोळ्या खात राहिली. तिला बोलता आलं असतं, दाजी. ती बोलली असती तर मी..."

"तीन घाव, दुओप."

"ती बोलली नाही."

"आणि पहिलं पान देऊन पोर मिळालं?"

"म्हणाले, आज दुसरं आण."

वही राखेच्या ढिगात होती, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. न्याकोर तोवर आमच्या मागं चालत येऊन पोचली होती. माझ्या हातातून रक्त टपकत होतं, म्हणून तिनं वही घेतली आणि पानं मोजली. एक फाटलेलं. बाकीची शाबूत.

ती शेवटच्या पानावर थांबली.

"वाच," मी म्हणालो.

"दादा, नको."

"वाच. मोठ्यानं."

तिनं वाचलं. "बेचाळीस. तुआच, वडील दुओप. ठरलं. पुढच्या गुरुवारी, नदीवाटेनं. घरच्यांना पोर पोचेपर्यंत सांगायचं नाही."

अक्षर न्यारुआचचं होतं. तारीख सोमवारची. तिचा नियमच होता तो. पोर दारात येईपर्यंत आईबापांनाही सांगायचं नाही. आनंदात एखादा बोलून जातो आणि वाटेत पोर मारलं जातं. भावासाठी तिनं नियम मोडला नाही. खाली बघून गोळ्या खात राहिली.

दुओपनं न्याकोरच्या हातातलं पान मागितलं. तिनं त्याच्यासमोर धरलं. त्यानं ते वरून खाली पाहिलं, मग रक्तानं भरलेलं बोट त्यावरून फिरवलं.

"कुठं?" तो म्हणाला. "कुठं लिहिलंय?"

न्याकोरनं त्याचं बोट धरलं आणि नावावर ठेवलं.

माणसं भाले घेऊन पुढं सरकली. कॅप्टननं हवेत दोन गोळ्या झाडल्या. दुओपला जिवंत तळाबाहेर नेलं. सूड घ्यायला भाऊ लागतो आणि तिला दुसरा भाऊ नव्हता.

६

लादू त्याच रात्री दक्षिणेला निघून गेला. निरोप घ्यायलाही थांबला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही थांबलो नसतो. न्याकोरनं सगळ्या पोरांच्या जागा बदलल्या आणि वही चुलीत घातली. आता नावं तिच्या डोक्यात आहेत. तिला काही झालं तर काय, हे मी तिला विचारत नाही. कोईगुआरच्या चार पोरांचा अजून पत्ता नाही.

तुआच गुरुवारी आला. नदीवाटेनं, ठरल्याप्रमाणं. पायात चपला नव्हत्या आणि तो पाठीला भिंत असल्याशिवाय बसत नव्हता.

"आत्या कुठंय?" त्यानं पहिलं हेच विचारलं.

मी सांगितलं.

"कुणी मारलं?"

वाटेत त्याला कुणी ना कुणी सांगितलं असणार. तरी तो माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याचा उजवा हात मांडीवर होता, बोट वाकलेलं, जणू अजून बंदुकीच्या घोड्यावर आहे.

मी त्याला जे पाहिलं ते सांगितलं. वाडगा, चमचे, राखेतली वही. मग जे ऐकलं ते सांगितलं, त्याच्या बापाच्या तोंडून, शब्दाला शब्द. शेवटच्या पानाचंही सांगितलं. मी त्याच्या बापाचं डोकं किती वेळा आपटलं तेही सांगितलं. काय ठरवायचं ते मी सांगितलं नाही.

बाहेर न्याकोर शाळेची हजेरी घेत होती.

न्याकोरच्या आईनं ज्वारीच्या गोळ्या आणून ठेवल्या. वाडगा तोच होता. मी धुतला होता. तिनं त्यात दोन चमचे टाकले होते. तिला काय ठाऊक. मी एक काढायला हात पुढं केला.

तुआचनं माझं मनगट धरलं. जोरात. मग सोडलं.

"आत्या कशी मारायची हाक, जेवायला?" त्यानं विचारलं.

मला सांगता येईना. वीस वर्षं मी ती हाक दुसऱ्या झोपडीत बसून ऐकली होती.

त्यानं एक चमचा उचलला आणि दुसऱ्याचा दांडा माझ्याकडे फिरवला. आम्ही खाल्लं.